थंड नळीवरचा हात

आमच्या मॅडमच्या पर्समध्ये नट आवळायचे दोन छोटे पाने असत, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेले. कंगवा नाही, आरसा नाही, पाने. एकदा मेट्रो स्टेशनवर पर्स तपासणीच्या मशीनमधून गेली आणि तिथल्या गार्ड बाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

"मॅडम, हे काय आहे?"

"पाने."

"कशाला लागतात?"

मॅडमनी कोपऱ्यातल्या पाण्याच्या कूलरकडे बोट दाखवलं. त्याचा नळ ठिबकत होता आणि खाली कुणीतरी बादली लावून ठेवली होती. "त्याला लागतात. पण तुमचं बादलीवर भागतंय, तेव्हा राहू द्या."

गार्ड बाई आधी रागावल्या आणि मग हसल्या. शेवटी मॅडमनी तो नळ काढला, बसवला, आवळला, आणि रिकामी बादली त्यांच्या हातात देऊन पर्स खांद्याला लावली. तोवर आमची मेट्रो निघून गेली होती. मी सोबत होतो आणि अनोळखी असल्यासारखा लांब उभा होतो, हे कबूल केलेलं बरं.

मॅडम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. धायरी फाट्यावरून आत वळलं की एका बाजूला खिडक्यांच्या जाळ्या बनवणारा आणि दुसऱ्या बाजूला फरश्यांचं गोदाम, त्यांच्या मधे आमची दुमजली इमारत. औषध कंपन्या आमच्याकडे छोट्या बाटल्यांतून पावडरी पाठवायच्या. त्यात जे असायला हवं तेच आहे ना आणि जे नसायला हवं ते नाही ना, हे आम्ही तपासून, सही करून लिहून द्यायचो. मी तिथे सहा वर्षं काढली. एमएस्सीला पहिला वर्ग मिळवून गेलो होतो आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत मुलाखतीतच उतरली.

मुलाखतीत मॅडमनी एकही प्रश्न विचारला नाही. एक स्टीलची बारीक नळी, एक नट आणि ते दोन पाने समोर ठेवले आणि म्हणाल्या, "जोडा." मी सगळा जोर लावून जोडलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं.

"पिळून मारलंत की हो त्याला. बोटांनी घट्ट होईल तेवढं बोटांनी करायचं, मग पान्याने पाव फेरा. त्यापुढे जो जोर लावला जातो तो नटाच्या कामाचा नसतो, आपल्या तोऱ्याच्या कामाचा असतो." मग टेबलावरचं आवरत त्या म्हणाल्या, "सोमवारी या."

"म्हणजे माझी निवड झाली?"

"पाव फेरा शिकायला या. निवडीचं नंतर बघू."

हा पाव फेरा त्या वडिलांकडून शिकल्या होत्या. वडील खडकीच्या कारखान्यात फिटर. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरात देव्हाऱ्याच्या जागी पुस्तकांची फळी आली आणि पुढे त्याच फळीवर वडिलांची हत्यारांची पेटीही आली, असं त्या सांगायच्या. शाळेतून आल्यावर आधी पेटी पुसायची, मग अभ्यास. कर्वेनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी ती फळी पाहिली आहे. रसायनशास्त्राचे जाडजूड ग्रंथ एका बाजूला आणि पेटी एका बाजूला, दोन्ही सारखीच चकचकीत.

माणसांना त्या सरसकट अहो-जाहो करायच्या. मालकांनाही अहो, झाडू मारणाऱ्या मावशींनाही अहो, मावशींच्या सात वर्षांच्या नातीलाही अहो. मशीनला मात्र अरे. "काय रे, आज का कुरकुरतोयस?" असं त्या पंपाला विचारत आणि खरोखर कान लावून उत्तर ऐकत. रागावल्या की अहो आणखी गुळगुळीत होई. "अहो शास्त्रज्ञ" अशी हाक आली की आपलं काहीतरी चुकलंय हे ओळखायचं आणि जागच्या जागी आठवायला लागायचं.

आमच्याकडे एक शब्द बंद होता. "बहुतेक." कुणी म्हणालं, बहुतेक सिलिंडर भरलेला असेल, की मॅडम हातातलं काम थांबवून त्या माणसाकडे बघत राहायच्या. तो उठून सिलिंडर बघून येईपर्यंत बघत राहायच्या. "बहुतेक म्हणजे उठायचा कंटाळा," एवढंच म्हणायच्या. पहिल्या वर्षी मी या शब्दापायी इतका उठलो की माझं वजन कमी झालं.

मॅडमची एक लाडकी नळी होती. ती कसली, हे आता सांगायला हवं, नाहीतर मॅडम कळायच्या नाहीत.

सोड्याच्या बाटलीत असतो तो कार्बन डायऑक्साइड. तो भरपूर दाबला आणि जरा उबदार ठेवला की ना धड वायू राहतो ना धड द्रव. अशा अवस्थेत तो बारीक भुकटी ठासून भरलेल्या एका नळकांड्यातून, म्हणजे कॉलममधून, औषधाला वाहून नेतो, आणि वाटेत औषधातले घटक एकमेकांपासून सुटे होतात. सोबतीला औषध विरघळवणारं थोडं मिथेनॉल असतं, सुरुवातीला अगदी कमी, मग वाढत जाणारं. हे पहिलं मशीन. दुसरं मास स्पेक्ट्रोमीटर, आमच्या बोलण्यात नुसतं "मास". ते बाहेर पडणाऱ्या प्रत्येक घटकाच्या रेणूचं वजन सांगतं. पहिल्याला जबरदस्त दाब हवा, दुसऱ्याच्या पोटात हवेचा कणही नको. आणि या दोघांना जोडायचं एका केसाएवढ्या पोकळीच्या नळीने.

अडचण अशी की त्या नळीत दाब सुटला की वायू भसकन उडून जातो आणि नळी गारठते. औषधाला वाहून न्यायला कुणी उरत नाही आणि ते तिथेच नळीत बसून राहतं. म्हणून एक छोटा पंप बाजूने मिथेनॉल सोडत ठेवायचा. औषध भिजलेलं राहतं आणि पुढे सरकतं.

आमची दोन मशीनं दोन वेगळ्या कंपन्यांची होती. दोन्हीकडचे इंजिनियर आले, नळी बघितली आणि "हे आमच्यात बसत नाही" असं म्हणून चहा पिऊन गेले. मॅडम तीन आठवडे फरशीवर मांडी घालून बसल्या. नळी कापायच्या, जोडायच्या, चालवायच्या, पुन्हा कापायच्या. ज्या दिवशी पडद्यावर पहिल्यांदा सरळ रेघ उंच चढली आणि सुबक खाली उतरली, त्या दिवशी मालक पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, दोघांचं लग्न लावलंत तुम्ही!"

"लग्नात एकाला गप्प बसून चालतं," मॅडम पेढा घेत म्हणाल्या. "इथे दोघांनी बोलायला हवं."

तेव्हापासून रोज सकाळी आल्या की आधी डाव्या हाताची मागची बाजू त्या नळीवर ठेवायच्या. पडदा नंतर. "पडदा काय, जे पोचलं तेवढंच दाखवणार. जे वाटेत अडकलं ते नळीला माहीत." आम्ही मागे हसायचो. एका मुलीने त्यांची नक्कल इतकी हुबेहूब केली होती की मॅडमनीच ती तिला दोनदा करायला लावली आणि वर हात कुठे चुकतोय तेही सांगितलं.

हसणाऱ्यांत मी पुढे होतो. म्हणून पुढची गोष्ट माझीच आहे.

शनिवार पेठेत ऑफिस आणि शहराबाहेर कारखाना असलेली एक छोटी औषध कंपनी आमच्याकडे नमुने पाठवायची. त्यांच्या औषधाच्या रेणूचे दोन प्रकार, डाव्या आणि उजव्या हातासारखे. एक उपयोगाचा, दुसरा औषधात नको. दोघांचं वजन एकच, त्यामुळे मासला ते सारखेच. फरक फक्त वेळेचा. उपयोगाचा कॉलममधून आधी बाहेर येतो, नको असलेला काही मिनिटांनी. पडद्यावर रेघ चढून उतरते त्याला आम्ही पीक म्हणतो. एक पीक दिसलं तर माल चांगला, दोन दिसली तर गेला.

मॅडम त्या आठवड्यात बहिणीकडे नागपूरला गेल्या होत्या आणि अहवालावर सही करायचा अधिकार पहिल्यांदाच माझ्या एकट्याकडे होता. सकाळी शुद्ध औषध चालवून मशीन तपासलं, सगळं ठीक. पण पीक मला बुटकं वाटलं. बाजूच्या पंपातलं मिथेनॉल औषधाला उगाच पातळ करतंय, असा मी विचार केला आणि पंप बंद केला. शुद्ध औषध पुन्हा टाकलं, पीक दुप्पट उंच झालं. मी स्वतःवर इतका खूश झालो की मोबाइलवर फोटो काढला आणि रेघ पुढे काय करते ते न बघताच मशीन थांबवलं. मग कंपनीचा नमुना चालवला, आणि पहिल्या पिकानंतर दुसरं पीक आलं. वजन तेच. यायला हवं त्यापेक्षा जरा उशिरा आलं होतं, पण कॉलम जुना झालाय म्हणून सोडून दिलं. खात्रीसाठी औषध नसलेलं नुसतं मिथेनॉल चालवून पाहिलं, रेघ स्वच्छ होती. मी अहवाल लिहिला, नको असलेला प्रकार सापडला, माल नापास, आणि खाली झोकदार सही केली.

तीन आठवड्यांनी त्या कंपनीच्या मॅनेजरांचा फोन आला. मॅडम परतल्या होत्या, त्यांनीच स्पीकरवर घेतला. मॅनेजर सांगत होते की नवा माल पाठवतोय, या वेळी दुसऱ्या माणसाने बनवलाय, आधीच्याला औषध बनवायच्या रिअ‍ॅक्टरवरून काढून ड्रम धुवायला लावलंय.

"तो माणूस काय म्हणतो?" मॅडमनी विचारलं.

"तो काय म्हणणार मॅडम! म्हणतो, वीस वर्षं करतो तसंच केलं."

मॅडमनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "अहो शास्त्रज्ञ, वीस वर्षं एकच काम करणारा माणूस म्हणतोय की नेहमीसारखंच केलं. तुम्ही त्या दिवशी नेहमीसारखंच केलं होतं ना?"

"हो, म्हणजे," मी म्हणालो, "बहुतेक."

तो शब्द तोंडातून निघाला आणि खोलीतले सगळे काम करायचे थांबले. मॅडम उठल्या. "चला."

त्या दिवसाची नोंद मशीनमध्ये होतीच. बाजूच्या पंपासमोर शून्य. "हा का झोपला होता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मला शुद्ध औषधाची बाटली आणायला लावली, पंप बंद ठेवायला लावला आणि नमुना टाकायला लावला. पहिलं पीक आलं. मग त्यांनी माझा हात धरला आणि नळीवर ठेवला. नळी बर्फासारखी होती, वर दव जमलं होतं. पडद्यावर रेघ सपाट चालली होती. जसजसं वाहत्या वायूतलं मिथेनॉल वाढत गेलं तसतसं नळीत अडकून बसलेलं औषध विरघळलं, आणि शुद्ध औषधाचं दुसरं पीक माझ्या डोळ्यांसमोर सावकाश वर चढलं. तेच वजन, तीच वेळ, तोच माझ्या अहवालातला आकार.

पंप चालू करून पुन्हा पाहिलं. एकच पीक.

कुठल्यातरी कारखान्यात एक माणूस तीन आठवडे ड्रम धूत होता आणि त्याचं कारण माझ्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेलं होतं. आयुष्यात इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

मालकांना कळलं तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. ते वाईट नव्हते, घाबरट होते. "मॅडम, नमुना आहे ना शिल्लक? मग शांतपणे पुन्हा तपासा. चांगला निघाला तर फेरतपासणीचा नवा अहवाल पाठवू. जुन्याबद्दल कोण विचारतंय?"

"ज्याला विचारायचंय त्याला बोलायची सोय नाही," मॅडम म्हणाल्या. "जुना अहवाल आपण मागे घेतोय. चूक काय झाली ते लिहून. आणि नमुना त्या माणसासमोर चालवायचा, तोवर बाटलीचं झाकण उघडायचं नाही."

"अहो, पण आधी एकदा बघून तर घ्या!"

"आपण गुपचूप बघायचं आणि मग त्यांना बोलवायचं, याला तपासणी नाही म्हणत, नाटक म्हणतात."

बाहेर आल्यावर मी मॅडमना हळूच विचारलं, "आणि त्यात खरंच तो दुसरा प्रकार निघाला तर?"

"तर तो त्यांच्यासमोर निघेल. त्यांनाही कळेल, आपल्यालाही."

"मी राजीनामा लिहू का?"

"त्यात काय लिहिणार? मी पळतोय, एवढंच ना? त्यासाठी अख्खा कागद कशाला." मग माझ्यासमोर कोरा कागद ठेवून म्हणाल्या, "हा लिहा. अहवाल तुमच्या सहीने गेलाय, परतही तुमच्या सहीने येऊ दे. आणि वाचून तुम्हीच दाखवायचा."

शनिवार पेठेतल्या त्या ऑफिसचा जिना इतका अरुंद होता की मॅडम पुढे आणि मी मागे, असंच चढावं लागलं. मॅनेजरांनी त्या माणसाला कारखान्यातून बोलावून घेतलं होतं. पन्नाशीचे, धायरीतल्या जुन्या शेतकरी घरातले. शेतावर इमारती उठल्या आणि हे रिअ‍ॅक्टरवर लागले. खुर्ची रिकामी असून ते दाराशी उभे होते. मॅडमनी "अहो, बसा ना" म्हटल्यावर मॅनेजरांकडे बघत बसले. मी कागद वाचला. एकही शब्द गाळला नाही. पंप मी बंद केला, दुसरं पीक नळीत अडकलेल्या औषधाचं होतं, तुमचा माल नापास करायला माझ्याकडे कोणताही आधार नव्हता.

मॅनेजर गोंधळले. "पण यांनी तर स्वतः लिहून दिलंय, तापमान चुकलं असेल म्हणून."

"साहेब म्हनले, मशीन खोटं बोलत न्हाई," ते गृहस्थ खाली बघत म्हणाले. "मग म्या म्हनलं, आपलंच काय तरी चुकलं असंल. वीस वर्सांत पैल्यांदा चुकलं असंल. दिली सही."

मॅडमनी मॅनेजरांपुढे हात पसरला. "तो कागद आणा." मॅनेजर काहीतरी बोलायला गेले, पण मॅडमचा हात खाली येईना, तेव्हा त्यांनी कपाट उघडलं. मॅडमनी कागद घेऊन वाचलासुद्धा नाही, सरळ त्या गृहस्थांकडे दिला. त्यांनी तो चौघडी करून खिशात घातला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"साहेब, तुमची नोकरी हाय ना?"

मी मॅडमकडे पाहिलं.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "उद्या तुमचा नमुना हेच चालवणार आहेत. तुम्ही यायचं आणि शेजारी बसायचं. माल चांगला आहे की नाही ते आज मी सांगत नाही, कारण मला माहीत नाही. उद्या दिसेल ते तुम्हालाही दिसेल."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या आधी फाटकाशी उभे होते. मॅडमनी त्यांच्यासाठी पडद्यासमोर खुर्ची ओढली आणि बाटलीचं झाकण त्यांच्याच हातून उघडून घेतलं. मी नमुना टाकला. पंप चालू आहे हे तीनदा बघितलं. ते दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून बसले होते.

रेघ वर चढली आणि उतरली. "हे तुमचं औषध," मी म्हणालो. "काका, आता बघायचं ते पुढे."

त्यांनी मान हलवली. पुढची चार मिनिटं मला पडद्याकडे बघवेना, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. मॅडम मागे उभ्या होत्या. दुसरा प्रकार यायची वेळ आली, आणि गेली. माझ्या त्या खोट्या पिकाचीही वेळ आली, आणि तीही गेली. काकांच्या पापण्या हलत नव्हत्या.

"आता येतंय?" त्यांनी विचारलं.

"नाही. आता येत नाही."

त्यांनी पुढे वाकून पडद्यावर बोट ठेवलं. "हितं व्हतं ते?"

"हो. तिथेच."

"आता हितं काय न्हाई."

"काही नाही, काका. तुमचा माल चांगला आहे. पहिल्यापासून चांगला होता."

त्यांचं बोट त्या सपाट रेघेवरून शेवटापर्यंत गेलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मग ते मागे वळून मॅडमना म्हणाले, "बाई, येक डाव परत दावता का?"

बाहेर इतर कंपन्यांचे अकरा नमुने रांगेत होते. मॅडम मला म्हणाल्या, "दाखवा हो."

त्या दिवशी ती सपाट रेघ आम्ही तिघांनी चार वेळा पाहिली.